जवारीचा दोरा

बाई,

झालं ते आधी क्रमानं लिहिते.

१. मी अकरा वर्षांची होते. चैत्रातली दुपार. खालापूरच्या तळ्याकाठचं तुमचं घर. तुम्ही तंबोरा घेऊन बसला होता, मी समोर.
२. माझे वडील दारात आले. उंबरा त्यांनी ओलांडला नाही. बाहेरूनच मला विचारलं, "तू इथं गाणं शिकतेस?"
३. मी म्हणाले, "नाही. शिवण शिकते."
४. तुम्ही वडिलांना म्हणालात, "हो मास्तर, शिवणच."
५. त्यानंतर मी तुमच्यासमोर कधी गायले नाही.
६. तीन वर्षांनी तुम्ही गेलात. तुमचा तंबोरा माझ्याकडे आला.
७. तो चौदा वर्षं माझ्याकडे आहे. मी तुमच्याकडे गाणं शिकले हे या चौदा वर्षांत मी कुणालाही सांगितलेलं नाही.
८. काल तुमच्या भाचीचं मुंबईहून पत्र आलं.

पत्र सहा ओळींचं आहे. अक्षर तुमच्यासारखंच उजवीकडे कललेलं. लिहिते की, मावशी म्हणायची, खालापुरात माझी एक शिष्या होती. तंबोरा तुमच्याकडे आहे असं आता कळलं. ती शिष्या तुम्ही असाल तर तो तुमच्याकडेच राहू द्या, मला एकदा फक्त बघायचा आहे. नसाल तर मी घेऊन जाईन. मंगळवारी सकाळच्या गाडीनं कर्जतला उतरून ती सरळ दवाखान्यात येणार आहे. सकाळी दवाखान्याच्या ओसरीवर पंधरा-वीस बायका बसलेल्या असतात. ती त्यांच्यादेखत विचारेल, आणि मला त्यांच्यादेखत उत्तर द्यावं लागेल.

मी इथं सुईणीचं काम करते. मुंबईच्या इस्पितळात दोन वर्षं शिकले, परीक्षा दिली. हे तुम्ही पाहिलं नाहीत. उन्हाळ्यात डॉक्टर साहेबलोकांसाठी माथेरानला जातात तेव्हा दवाखाना माझ्या हाती असतो. तालुक्यातल्या मोठ्या घरांत मला माजघरापर्यंत जाता येतं, कारण मी मास्तरांची मुलगी आहे, मोजकं बोलते, आणि माझ्याबद्दल लोकांना बोलण्यासारखं काही नाही. तुम्हाला गावात कलावंतीण म्हणत. तुमच्या परसातल्या विहिरीवर कुणाची घागर येत नसे. मंगळवारी मी 'हो' म्हटलं तर संध्याकाळच्या आत ते खालापुरापर्यंत पोचेल. आत्ता एका घरात सून शेवटच्या महिन्यात आहे. तिच्या पहिल्या खेपेचं मूल आडवं येऊन गेलं होतं. त्या घरच्या सासूनं मला आत घेण्याआधी दहा ठिकाणी चौकशा केल्या होत्या. तिनं उद्या मला सोडून दुसरी कुणी बोलावली तर त्या सुनेचं काय होईल, हे मला चांगलं माहीत आहे. तेव्हा हा नुसता माझ्या लाजेचा प्रश्न नाही. पण लाजेचाही आहे. दोन्ही लिहिलेलं बरं.

मी पहिल्यांदा तुमच्या कुंपणाशी उभी राहिले तेव्हा नऊ वर्षांची होते. वडील शाळेत, आई नव्हतीच. तळ्यावरून परत येताना तुमच्या घरातून एक आवाज येत असे. गाणं नव्हे, नुसता आवाज, संथ, एकाच जागी उभा असलेला. मी तो रोज थोडा वेळ ऐकायची आणि घरी जायची. चौथ्या की पाचव्या दिवशी तुम्ही आतूनच म्हणालात, "आत ये गं बाळ. कुंपणाबाहेरून अर्धंच ऐकू येतं." मी म्हणाले, "मला अर्धं पुरतं." तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसलात की परसात भांडी घासणारी म्हातारी हातातली राख तशीच घेऊन बघायला आली. तीच तुमच्या घरात येणारी एकमेव बाई होती. कुणब्याची विधवा, दात दोनच, जिभेला मात्र धार.

मग मी रोज दुपारी यायला लागले. वडिलांच्या शाळेत छडी होती आणि तिचा उपयोग होत असे, म्हणून शिकणं म्हणजे चुकणं आणि चुकणं म्हणजे मार, असं माझं गणित होतं. तुमच्याकडे मी पहिला सा लावला तो खाली घसरला. मी हात पुढे केला. तुम्ही माझ्या तळहाताकडे बघितलंत. कशासाठी पुढे केलाय ते तुम्हाला कळलं तेव्हा तुमचा चेहरा बदलला. तुम्ही त्या हातावर खडीसाखरेचा खडा ठेवलात आणि म्हणालात, "जवळ आलीस."

तुम्ही 'चूक' हा शब्द कधी वापरला नाहीत. सूर कितीही भरकटला तरी "जवळ आलीस." मला तेव्हाही मोघम बोलणं चालत नसे. मी विचारलं, "किती जवळ?"

"काल ओटीवर होतीस. आज माजघरात."

"आणि देवघर?"

"तिथं मीही अजून पोचले नाही, बाळ. मिळून जाऊ."

आता त्या जवारीचं. हे मी आजवर मनात अनेकदा म्हटलंय, लिहिते पहिल्यांदाच. एक दिवस तुम्ही तंबोरा लावत होता आणि तो मनासारखा लागत नव्हता. खुंट्या पिळून झाल्या, खालचे मणी सरकवून झाले. तारा सुरात होत्या, पण आवाज मुका. तुम्ही स्वतःशीच म्हणालात, "जवारी पाहिजे. जवारीशिवाय काही खरं नाही." मी उठले, धावत वाण्याकडे गेले आणि तुमच्या नावावर पावशेर जवारी घेऊन आले. भाताच्या मुलखात जवारी कोण मागतं? वाण्यानं घाटावरून आलेलं पोतं कुठूनसं शोधून सोडलं. पुडी बांधून दिली, वर दोऱ्याचे चार वेढे.

मी पुडी तुमच्यापुढे ठेवली. म्हातारीनं ती चाचपून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अगो पोरी, ही जवारी कशाला आनलीस? बाईला भात लागतंय. ही घाटावरची भाकरी चावायला माज्याकडं दात तरी हायेत का?"

मला वाटलं, आता माझं हसं होणार. तुम्ही मात्र पुडी हातात घेतलीत, सावकाश दोरा सोडलात. त्यातला बोटभर तोडून मला दाखवलात. मग तंबोऱ्याच्या घोडीवर, पहिल्या तारेखाली तो दोरा सरकवलात, केसभर पुढे, केसभर मागे, आणि तार छेडत राहिलात. ठप्प, ठप्प, ठप्प. आणि मग एका जागी ती तार अचानक उघडली. दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. बंद दाराच्या फटीतून उजेड यावा तसा त्या एका तारेतून आवाज पसरत गेला आणि थांबेचना. "बघ," तुम्ही म्हणालात, "हिलाच जवारी म्हणतात. नि तूच आणलीस."

बाकीच्या तीन तारांनाही त्याच पुडीचा दोरा लावलात. मग चारही छेडल्यात, एकामागून एक. मी मांडी घालून बसले आहे, समोर भिंतीवर तळ्यातल्या पाण्याचा उजेड हलतो आहे, आणि मला पाचवा आवाज ऐकू येतो. मी तारा मोजते. चार. बोटं बघते. पाचव्याला कुणी हात लावत नाहीये. तरी तो आहे, चौघींच्या वर, बारीक, गोड, अगदी स्पष्ट. माझ्या अंगावर काटा येतो. मी खोलीत मागे वळून बघते.

"कोण गातंय?"

तुम्ही वादन थांबवलं नाहीत. "ऐकू आला? तो गंधार. तो कुणी वाजवत नाही. चौघी जणी मनापासून बोलल्या की पाचवी आपोआप येते."

त्यानंतर मी मानवी देहाच्या आत काय असतं ते पाहिलंय. शिरा, नाळ, न जन्मलेल्या बाळाची मूठ. नवल मला पुष्कळदा वाटलं. पण त्या दुपारसारखं पुन्हा वाटलं नाही. त्या संध्याकाळी म्हातारीनं जवारी दळून भाकरी केली, दुधात कुस्करून खाल्ली आणि म्हणाली, "ब्येस हाय. परत चुकून आन."

वडील दारात आले त्या दुपारी काय झालं ते वर लिहिलंच आहे. दुसऱ्या दिवशी मी येणार नव्हते. पण वडीलच जेवताना म्हणाले, "शिवण शिकतेस तर नीट शीक. बाईमाणसाला उपयोगी." मग न जाणं म्हणजे खोटं उघडं पडणं झालं असतं. आले. तंबोरा खोळीत होता. तुम्ही जुन्या लुगड्यांचे तुकडे पसरून मधोमध बसला होता, हातात सुई, बोटाला दोन ठिकाणी रक्त. शेजारी म्हातारी कपाळावर आठ्या घालून. "आनि ही म्हनं गानारी! टाका हाय का उंदरानं कुरतडलंय?"

मला बघून तुम्ही बाजूला सरकून जागा केलीत. "ये. मीही कालपासनंच शिकतेय. फार पुढं जाऊ नकोस हं माझ्या."

मी म्हणाले, "तुम्हाला येत नाही?"

"नव्हतं येत. पण तू वडिलांना शिवण म्हणालीस ना? मग शिवण. माझ्या घरात आलेल्या पोरीला मी खोटी पडू देणार नाही."

दोन वर्षं आपण ती गोधडी शिवली. दोन वर्षं तुम्ही मला एकही सूर लावायला सांगितलं नाहीत. तुम्ही कधी तंबोरा छेडत बसायचा, मी टाके घालायची. कधी तुम्हीही सुई घ्यायचा आणि मोजायचा, "एक दोन तीन चार, पाच सहा सात आठ, आता खाली." नवव्याला मला सुई कापडाखालून न्यायला लावायचा, वर टाका दिसायचा नाही. मग पुन्हा वर. सोळा झाले की पहिल्यापासून. मला वाटलं, गोधडीची ही तुमच्याकडची रीत असेल. मी विचारलंही नाही. मी तेव्हा तुम्हाला काहीच विचारत नसे.

तेराव्या वर्षी माझं लग्न कळंबला झालं. दीड वर्षात ते संपलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही. मी सासरीच होते तेव्हा एक दिवस सकाळी म्हातारी अंगणात येऊन उभी राहिली. खालापूरहून चालत, दोन दिवस, डोक्यावर हे लांबलचक गाठोडं. तुम्ही गेल्याचं तिनं मला तोंडानं सांगितलं नाही, नुसतं गाठोडं खाली ठेवलं. आपली गोधडी मी ओळखली.

सासूबाई पुढे आल्या. "काय गं हे?"

"गोदडी हाय."

"आणि आत?"

"भोपला. सुकलेला."

"एवढा लांब?"

"मंग देठ नसतो का गं भोपल्याला?"

सासूबाईंनी दोनदा गाठोड्याकडे बघितलं आणि आत गेल्या. म्हातारी माझ्याकडे वळली, डोळे पाण्यानं भरलेले, ओठावर मात्र हसू. "खोटं नाय बोलले मी. बाईनं सांगितलं व्हतं, ही वस्तू त्या शिवनवाल्या पोरीला द्या. शिवनवाल्या म्हनल्या. मी म्हनलं, गानारी म्हना की आता तरी. तर न्हाय म्हनल्या, तिनं सांगितल्याबिगर आपन कसं सांगायचं?"

हे वाक्य मी चौदा वर्षं सांभाळलंय. तंबोऱ्यापेक्षा ते जड आहे.

गोधडीची रीत मला मुंबईत कळली. इस्पितळात पट्ट्यांच्या कडा आम्हा शिकाऊ मुलींनाच शिवाव्या लागत. मेट्रनबाई त्या उजेडासमोर धरून तपासत. एकदा माझी पट्टी त्यांनी बराच वेळ धरून ठेवली आणि विचारलं, "टाके एकसारखे आहेत. पण दर वेळी नववा का गळतो?" मी बघितलं. खरंच गळत होता. पट्टीच्या टोकापासून टोकापर्यंत, आठ झाले की एक रिकामी जागा, मग सात, मग पुन्हा पहिल्यापासून आठ. मी तिथं उभ्या उभ्या मोजलं आणि मला एकदम कळलं की हा तीनताल आहे. आठांनंतरची ती खाली, टाळी न देण्याची मात्रा. तुम्ही माझं खोटं मोडलं नाहीत, आणि शिकवणंही सोडलं नाहीत. दोन वर्षं माझे हात ताल शिकत होते आणि मला पत्ता नव्हता. मेट्रनबाईंना मी म्हणाले, सवय आहे, सुधारते. सुधारली नाही.

आणि कान. कळंबला एक बाळंतपण अडलं होतं. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि मान हलवली. पोटातलं मूल गेलंय असं समजून पुढची तयारी करायला ते बाहेर गेले. मी लाकडी नळी पोटावर टेकवली. आईच्या नाडीचा आवाज मोठा होता, आतड्यांचा होता, बाहेर कुणी तरी रडत होतं. मी काहीच शोधलं नाही. तुम्ही सांगायचा तशी नुसती थांबले, प्रत्येक आवाज त्याच्या जागी जाऊ दिला. आणि मग त्या सगळ्यांच्या पलीकडे, खूप बारीक, दुप्पट लयीत, तो होता. त्या बाईच्या आईनं माझा चेहरा बघून विचारलं, "जिता हाय?" मी म्हणाले, "हाय." माझ्या तोंडून 'आहे' निघालं नाही. ती मुलगी आता चालते. तिथल्या बायका म्हणतात, नर्सबायचा कान देवाचा हाय. मी त्यांना दुरुस्त करत नाही. करायला हवं होतं.

आता वरच्या हिशोबात एक दुरुस्ती करायची आहे. कलम तीन अपुरं आहे. मी "नाही, शिवण शिकते" एवढंच म्हणाले नव्हते. वडील आणखी काही बोलण्याआधी मी स्वतःहून पुढे म्हणाले, "यांच्याकडे गाणं कोण शिकेल?" कुणी मला ते म्हणायला लावलं नव्हतं. वडिलांचा हात उगारलेला नव्हता. गावातल्या बायका ज्या सुरात बोलत त्याच सुरात मी बोलले, आणि तो सूर माझा अगदी बरोबर लागला. मांडीवर तंबोरा असताना, बोटं तारेवर असताना, तुम्ही ते ऐकलंत. आणि मग म्हणालात, "हो मास्तर, शिवणच." तुमचा आवाज हलला नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या बोटांना सुया टोचलेल्या होत्या.

म्हणून मंगळवारी 'हो' म्हणायचं की नाही एवढाच प्रश्न असता तर मी तो माझा मी सोडवला असता. दिवस भरत आलेल्या त्या सुनेच्या सासूला काय सांगायचं तेही मी ठरवलंय: मुलाची नाडी ऐकणारा कान कुणी घडवला ते तिला सांगेन, आणि मग तिनं ठरवावं. धोका आहे. पण मी अडलेल्या जागी थांबू शकते, तेही तुमच्याकडूनच आलं. माझा प्रश्न वेगळा आहे. ते वाक्य बोललेल्या मुलीला तुमची शिष्या म्हणवून घेण्याचा हक्क आहे का? भाचीजवळ तुम्ही 'शिष्या' म्हणालात. माझ्याकडे निरोप 'शिवणवाली' असा आला. दोन्ही शब्द तुमचेच. यातला कुठला माझा, ते फक्त तुम्हीच सांगू शकता.

आज, रविवारी, दुपारी मी तंबोरा गोधडीतून काढला. जुन्या तारा गंजून गेल्या होत्या. मुंबईहून येताना मी चार नव्या आणल्या होत्या, कशासाठी ते स्वतःला न सांगता. त्या चढवल्या. खुंट्या लागल्या, मणी लागले. आवाज मुका. दोरा केसभर पुढे, केसभर मागे. तीन तारा उघडल्या. खर्जाची शेवटपर्यंत अडून राहिली. गंधार आला नाही. पण एकदा, क्षणभर, भिंतीपलीकडे कुणी तो गुणगुणतंय असं वाटलं. मी चटकन मागे वळले. तुम्ही असता तर काय म्हणाला असता ते मला माहीत आहे, आणि ते दोन शब्द मी स्वतःला म्हणायला धजले नाही.

हे पत्र टपालात पडणार नाही. घडी करून भोपळ्याच्या खोळीत ठेवते. एक बारीकशी कबुली राहिली. दोरा मला दवाखान्यात हवा तेवढा मिळाला असता, चांगला, धुतलेला, एका जाडीचा. मी तो घेतला नाही. भर बाजारात वाण्याच्या दुकानात गेले आणि पावशेर जवारी मागितली. वाणी म्हणाला, "नर्सबाई, तुम्ही आणि जवारी?" मी म्हणाले, "हो. पुडीला दोरा नीट बांधा."

भाची मंगळवारी येते. सोमवारी दिवस मावळेपर्यंत, हो की नाही, एवढंच कळवावं.